जड गाडीचा परवाना

धुळे, २० ऑक्टोबर १९४६. आज सकाळपासून लॉरीतलं घर काढायला घेतलं आहे. उद्या जळगावच्या एका व्यापाऱ्याचा ड्रायव्हर पेट्रोलचे डबे घेऊन येईल आणि लॉरी घेऊन जाईल. व्यापाऱ्याला सरकी वाहण्यासाठी इंजिन आणि खालचा सांगाडा हवा आहे. मागची सागवानी खोली तो उतरवणार. तसं त्याने आधीच सांगितलं, लपवलं नाही. तेव्हा त्या खोलीत माझं जे काही आहे ते आज बाहेर आलं पाहिजे.

आधी चूल काढली. ती पत्र्याच्या पेटीत मातीने लिंपलेली होती. माती ठोकून पाडली, पेटी उन्हात टाकली. मग पाण्याची टाकी, कंदिलाचा आकडा, निजायच्या फळ्यांचे बिजागर. कोपऱ्यात उंदरांनी घर केलं होतं, ते झाडून काढलं आणि ढेकणांसाठी फटींतून रॉकेल फिरवलं. दुसऱ्याला द्यायची वस्तू असली तरी स्वच्छ द्यावी. भांड्यांच्या फळीपाशी मात्र हात थोडा थांबला. त्या फळीला प्रत्येक भांड्याच्या बुडाच्या मापाचं भोक आहे. गाडी खड्ड्यात गेली तरी पातेलं जागचं हलू नये म्हणून मिस्त्रींनी ती भोकं पाडली होती. घरात त्या फळीचा काही उपयोग नाही, घरातली भांडी कुठे पळून जातात? तरी ती मी बाजूला ठेवली.

मिस्त्री म्हणजे माझे यजमान. सगळा खानदेश त्यांना मिस्त्री म्हणत असे, मीही तेच म्हणू लागले. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनांची यंत्रं आणि विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. दिवाळीच्या सुमारास जिनं सुरू झाली की होळीपर्यंत त्यांना बोलावणी येत. आज शिरपूर, उद्या अमळनेर, परवा जामनेर. ऐरण आणि अवजारं बैलगाडीत घालून कुठे कुठे जाणार? म्हणून त्यांनी एक जुनी लॉरी घेतली आणि सुताराकडून तिच्यावर खोली बांधून घेतली. मागच्या अर्ध्या भागात लेथ, ऐरण, हातोडे. पुढच्या अर्ध्या भागात निजायची फळी आणि चूल. सुरुवातीची वर्षं ते एकटेच फिरत. मी धुळ्याच्या घरी राहायची. आम्हाला मूल झालं नाही. तो विषय इथला नाही, पण त्यामुळे मी मोकळी होते एवढं सांगायला हवं.

मी लॉरीत आले ती त्यांचा डावा डोळा गेल्यावर. जिनचं पातं घासताना लोखंडाची किरच उडाली. डोळा तसाच दिसे, पण त्यातून त्यांना उजेड आणि सावली यापलीकडे काही कळत नसे. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते. बैलगाड्या, शेळ्या, शाळेतून सुटलेली मुलं, वाळत घातलेल्या मिरच्या, सगळं डावीकडेच असतं. एका डोळ्याने लॉरी हाकणाऱ्या माणसाला नेमकं तेच दिसत नाही. पहिल्याच हंगामात त्यांनी एका वडाची फांदी आणि कुणाच्या तरी कुंपणाची बाभळ लॉरीला लावून आणली. तेव्हा मी म्हणाले, मी बसते तुमच्या डावीकडे.

तिथून आमचं ठरून गेलं. ते स्टिअरिंगवर, मी डावीकडे. त्यांनी विचारायचं, "काय शे?", म्हणजे डावीकडे काय आहे, आणि मी सांगायचं. बैलगाडी. पुढे दोन म्हशी. म्हातारा, काठी टेकत चाललाय. खड्डा. मोकळं. फागण्यापासून पारोळ्यापर्यंत आमच्या तोंडून दुसरा शब्द निघत नसे. पुढे पुढे ते विचारेनातही. मी आपली सांगत जायची आणि त्यांचे हात फिरत जायचे. लोकांना वाटे, मिस्तरीण नवऱ्याला सारखी बडबडून हैराण करते. एका जिनवाल्याने तसं बोलूनही दाखवलं. मिस्त्री त्याला म्हणाले, "तिनी बडबड बंद पडनी ना, भाऊ, ते लॉरी विहिरीत जाई."

लॉरीतल्या संसाराबद्दल लोकांना फार कुतूहल असे. बाया येऊन पडदा वर करून बघत. मला त्यात विशेष काही वाटत नसे. जागा कमी म्हणजे झाडणं कमी. सकाळी जिनच्या आवारात कुठेतरी लिंबाखाली गाडी लागलेली असायची, हवेत कापसाची धूळ आणि ओल्या सरकीचा वास. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या मागाव्या तितक्या मिळत. त्यांच्या जाळावर वांगी भाजायची, भरीत करायचं, कळण्याची भाकरी टाकायची. दुपारी इंजिन बंद असलं तर मिस्त्री त्याला काठी लावून, काठीचं दुसरं टोक दातांत धरून कुणाला तरी चाक फिरवायला सांगत. दातांतून त्यांना ऐकू येई म्हणे. संध्याकाळी ते इंजिन टुकटुक बोलू लागलं की माणसं खूश, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला. खालचं गाव बदलायचं, चूल तीच. मला ते मानवलं. एका जागी राहून जे जे माणसाच्या अंगावर साचतं, ते आमच्या अंगावर साचत नसे.

मग मोटारींचा नवा कायदा आला.

मिस्त्रींकडे परवाना होता, पण तो साध्या मोटारीचा, डोळा जायच्या आधीचा. आता जड गाडीला वेगळा परवाना लागणार होता. गाडी जड की हलकी हे वजनावर ठरणार. मिस्त्री म्हणाले, आपली लॉरी काही इतकी जड नाही. आम्ही ती मार्केटातल्या गाडीकाट्यावर नेली. काटा वर गेला तो बराच वर. अवजारं मोजायची नसतात, असं कुणीतरी म्हणालं, म्हणून ऐरण उतरवली. लेथ उतरवला. हातोडे, पान्यांची पेटी, तेलाचे डबे. मग माझं जातं, पाटा-वरवंटा, पिठाचा डबा, गाद्या. मार्केटच्या आवारात आमचा सगळा संसार उघड्यावर मांडला गेला आणि कापूसवाले गाड्या सोडून बघायला जमले. काटेवाला म्हणाला, "मिस्तरी, आते मिस्तरीणले बी उतारा, मंग काटा खाले ई!" मी खालीच उभी होते, हातात जात्याचा खुंटा घेऊन. काटा तरीही रेघेच्या पलीकडेच होता. सागवानाची खोलीच जड होती. सुताराने लाकूड वाचवलं नव्हतं.

जड गाडीच्या परवान्याला डॉक्टरचा दाखला लागे. ऐकू येतं का, फेफरं आहे का, रात्री दिसतं का, तांबडा आणि हिरवा रंग ओळखता येतो का. आणि मोटारीच्या नंबराच्या पाटीसारखी पाटी अमुक अंतरावरून वाचून दाखवायची, एकेका डोळ्याने वेगवेगळी. सरकारी दवाखान्याच्या अंगणात पाटी उभी केली होती. मी भिंतीशी बसले होते. मिस्त्रींनी डावा डोळा झाकून उजव्याने पाटी खडाखडा वाचली. मग उजवा झाकला आणि डाव्यानेही तितकीच खडाखडा वाचली. मी चकित. डॉक्टर हसले. म्हणाले, "मिस्त्री, मधल्या वेळात मी पाटी बदललीय. तुम्ही पहिलीच म्हणून दाखवताय."

मिस्त्रींनी हात खाली घेतला. "दिखत नही, साहेब," म्हणाले. डॉक्टर चांगला माणूस होता, पण दाखला दिला नाही. देता आला नसता.

लॉरी घराच्या आवारात उभी राहिली. ड्रायव्हर ठेवा, असं ज्याने त्याने सांगितलं. आम्ही एक ठेवलाही. पण तो झोपणार कुठे? लॉरी म्हणजे आमची एकच खोली. त्यात परका पुरुष म्हटल्यावर मी धुळ्याला राहिले आणि तो मिस्त्रींबरोबर गेला. गिअर टाकताना तो जो खडखडाट करी, त्याने मिस्त्रींचा जीव वर येई. शिरपूरहून परतले ते दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. ड्रायव्हर गेला. मग मिस्त्री खाजगी सर्व्हिस मोटारींच्या टपावर पिशवी टाकून जाऊ लागले. पिशवीत काय मावणार? हवं ते अवजार नेमकं घरी राहायचं. हळूहळू बोलावणी दुसऱ्याला जाऊ लागली.

ते रोज सकाळी लॉरीचं इंजिन चालू करत, कान देऊन ऐकत आणि बंद करत. मग ओट्यावर बसत. मी भाजी निवडायला बसले की सूप बघत, कपडे वाळत घातले की दोरी बघत. वांगी कशी चिरावीत हे मला सांगू लागले. मला काही फार कळतं असं नाही, पण हे मात्र स्पष्ट दिसत होतं. लॉरी रस्त्यावर गेली नाही तर हा माणूस ओट्यावर बसून संपून जाईल. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या घरात दिवस काढवेना. खिडकीतून रोज तीच लिंबोणी.

एका संध्याकाळी ते ताटावर बसले असता मी म्हणाले, "माझे दोन्ही डोळे चांगले आहेत. परवाना मी काढते."

त्यांनी घास तसाच धरला. "गाडी तू चालाडशी?"

"तुम्ही शिकवलंत तर."

"तुना पाय पुरतीन का?"

त्यांना नाही म्हणायचं नव्हतं, हे मला त्यावरून कळलं. नाही म्हणायचं असतं तर पायांचा विषय निघाला नसता. दुसऱ्या दिवशी त्यांनी क्लच आणि ब्रेकला बसतील असे दोन लाकडी ठोकळे तासले. पाय पुरले.

लाळिंगच्या अलीकडच्या माळावर शिकले. नऊवारी नेसून लॉरी चालवायला काही अडचण नाही, कासोटा घट्ट हवा इतकंच. अडचण हातांची होती. स्टिअरिंग वळवायला जोर लागतो, आणि माझे हात भाकरी थापायच्या कामाचे. पण जात्यावर बसलेल्या बाईला खांद्यातून जोर लावता येतो, तो कामी आला. गिअर बदलताना पाय दोनदा दाबायचा आणि मधे इंजिनाचा आवाज बरोबर उतरेपर्यंत थांबायचं. मिस्त्री डावीकडे बसून म्हणत, थांब, थांब, आता. मला आवाज कळायला बरेच दिवस लागले. गुराखी मुलं लांबून ओरडायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मिस्तरीण, पुढल्या वर्षी मिशा फुटतील हो तुला." मी म्हटलं, फुटल्या तर तुम्हालाच आधी दाखवीन.

डॉक्टरने दाखला दिला. पाटीवरची इंग्रजी अक्षरं मी तेलाच्या डब्यांवरून आणि इंजिनांच्या पाट्यांवरून आधीच ओळखत होते. कचेरीत कारकुनाने नवऱ्याचं नाव विचारलं आणि आजूबाजूला पाहू लागला, म्हणजे कुणी पुरुष येऊन सांगेल. मी सरळ सांगितलं. कारकूनच लाजला. मोटार तपासणारे साहेब कायद्याचं पुस्तक उघडून बसले होते. म्हणाले, "पुरुषच असला पाहिजे असं इथे लिहिलेलं नाही. बाई चालेल असंही लिहिलेलं नाही." मग पुस्तक मिटून म्हणाले, "चला, गाडी काढा."

परीक्षेत साहेब माझ्या डावीकडे बसले. मिस्त्री कचेरीच्या पायरीवर. पांझरा नदीच्या बाजूने जाऊन बाजाराकडून वळून परत यायचं होतं. मी गाडी चांगली काढली. गिअरला आवाज येऊ दिला नाही. आणि तोंड आपोआप सुरू झालं. डावीकडे बैलगाडी. कोंबड्या. पाण्याचा हौद, बाया उभ्या आहेत. खड्डा. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बाई, कुणाशी बोलताय?"

"सवय आहे, साहेब."

बाजारापाशी उजवीकडे वळायचं होतं. मी हात बाहेर काढला, बांगड्या वाजल्या, आणि मी वळले. साहेबांनी माझ्या हातावरून झेप टाकून स्टिअरिंग धरलं. माझा पाय ब्रेकवर गेला. उजव्या दाराला लागून टांगा उभा होता. घोड्याचं तोंड खिडकीत आलेलं. टांगेवाला वर उभा राहून ओरडला, "ओ माय! डोया घर ठी उनी का?"

तो टांगा मला दिसला नव्हता. मी तिकडे पाहिलंच नव्हतं.

साहेब रागावले नाहीत, तेच मला जास्त लागलं. कचेरीत परत आल्यावर म्हणाले, "बाई, डावीकडच्या कोंबड्या तुम्ही मोजल्यात. उजवीकडे टांगा होता. अख्खा टांगा, घोड्यासकट." परवाना मिळाला नाही. परत शिकून या, म्हणाले.

 घरी आल्यावर मिस्त्रींना टांग्याचं सांगितलं. माझं चुकलं कसं ते मलाच समजत नव्हतं. माळावर तर कधी असं झालं नव्हतं.  ऐकता ऐकता त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडताहेत, तर हसत होते. डोळ्यांतून पाणी, त्या डाव्यातूनसुद्धा.

"तुनी चूक नही," म्हणाले. "ती बाजू मनी व्हती."

तसंच होतं. इतकी वर्षं डावं माझं आणि उजवं त्यांचं, अशी आम्ही रस्त्याची वाटणी केली होती. जागा बदलल्या तरी वाटणी राहिलीच. शिकवताना ते डावीकडे बसत आणि चांगल्या उजव्या डोळ्याने माझ्या पलीकडचा रस्ता बघत. तिकडून काही आलं की थांब म्हणत. मला वाटे, ते इंजिनाच्या आवाजासाठी थांब म्हणताहेत. माझी मान आयुष्यात उजवीकडे वळलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी माळावर जाताना ते डावीकडे बसले आणि त्यांनी डोक्याचा रुमाल काढून डोळ्यांवर बांधला. चांगल्या डोळ्यावरही.

"हे काय?"

"आते मी नही," म्हणाले. "आते बठ्ठा रस्ता तुना."

सगळा रस्ता माझा म्हणजे काय, म्हणत मी रुमाल सोडायला सांगितला, त्यांनी ऐकलं नाही. मग मी तशीच गाडी घातली. माळावरून सडकेला, सडकेने लाळिंगच्या चढापर्यंत. डोळे बांधलेला माणूस लॉरीत बघून लोक वाट द्यायचे. एक म्हातारी तर हात जोडून उभी राहिली. तिला वाटलं, मिस्त्रींना दवाखान्यात नेतेय. ते अधूनमधून विचारत, "डावीकडे काय शे? उजवीकडे काय शे?" आणि मी दोन्ही सांगायची. त्यांच्या अंगात कुठे ताण नव्हता. मांडीवर हात ठेवून, झोप लागल्यासारखे बसले होते. मला मात्र घाम फुटायचा. माझ्या भरवशावर असं कुणी कधी बसलं नव्हतं. रोज ते रुमाल बांधत आणि रोज आम्ही थोडे लांब जात असू.

पुढच्या खेपेला साहेब परत डावीकडे बसले. मी दोन्ही बाजू मोठ्याने म्हणत गाडी चालवली, बाजारापाशी वळताना टांग्याचा रंगसुद्धा सांगितला. साहेब म्हणाले, "बाई, मनातल्या मनात म्हटलं तरी चालतं." परवाना दिला.

त्या दिवाळीनंतर आम्ही निघालो. तो एक हंगाम मिळाला. पहिल्या जिनपाशी फाटकावरचा माणूस आत ओरडला, "मिस्तरीनी गाडी उनी!" आणि मला स्टिअरिंगवर बघून जीभ चावून परत ओरडला, "मिस्तरीणनी गाडी उनी!" सगळं आवार हसलं. त्यात सर्वांत मोठ्याने मिस्त्री. शिरपूरला सातपुड्याकडून आलेली मजूर माणसं होती, त्यांच्या बाया माझा हात हातात घेऊन उलटा सुलटा बघायच्या. चाकाला धरणारा हात कसा असतो, ते. एकीने विचारलं, नवरा रागावत नाही का? मी मिस्त्रींकडे बोट दाखवलं. ते इंजिनाला काठी लावून, दातांत धरून, डोळे मिटून बसले होते.

त्या हंगामात रस्त्याने जाताना ते बोलायला लागले. आधी गाडी हाकताना त्यांचं सगळं ध्यान रस्त्यात असे. आता हात मोकळे. लहानपणी बापाची बैलगाडी पळवून कुठे नेली होती, पहिलं इंजिन खोललं तेव्हा परत जोडताना एक नट उरला तो अजून कसा सापडत नाही, असं काहीबाही. मी ऐकायची आणि दोन्ही बाजू बघायची. मधेच ते सवयीने विचारत, "काय शे?" मी सांगायची. त्यांना सांगायची गरज नव्हती, मला विचारायची गरज नव्हती. तरी.

मग युद्धामुळे पेट्रोल कुपनांवर गेलं. आमच्या वाट्याला येणाऱ्या कुपनांत पारोळ्यापर्यंतचं जाणंसुद्धा झालं नसतं. लॉरी पुन्हा आवारात आली. मिस्त्रींनी टायरांवरचा भार काढून तिला विटांवर चढवलं. या खेपेला ते ओट्यावर बसून संपले नाहीत. गावातच जिनांचं काम मिळत राहिलं, हात चालत राहिले. संध्याकाळी ते लॉरीत जाऊन डावीकडे बसत. मी शेंगा फोडायला सूप घेऊन स्टिअरिंगच्या बाजूला बसे, तिथे वारा चांगला येई. ते विचारत, "काय शे?" मी म्हणे, काकूंची कोंबडी. नाहीतर, दूधवाला. नाहीतर, मोकळं.

गेल्या पावसाळ्यात ताप येऊन ते गेले. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

परवाना मात्र मी दर वर्षी नवा करून घेत आले, लॉरी विटांवर असतानासुद्धा. कारकून विचारी, बाई, गाडी तर चालत नाही, मग कशाला? मी म्हणे, तुम्ही शिक्का मारा. या वर्षीही मारून आणला. त्याचं उत्तर मला अजून देता येत नाही. लॉरी ठेवून मी काय करणार? जिनांची दुरुस्ती मला येत नाही, माल वाहायचा धंदा माझ्या एकटीच्याने होणार नाही, आणि लाकूड वाळवी खायला लागली आहे. विकणं बरोबर आहे. व्यापाऱ्याचा माणूस गेल्या आठवड्यात येऊन टायर, बॅटरी बघून, इंजिन चालू करून गेला. पहिल्या फटक्याला चालू झालं. मी स्वयंपाकघरात होते. तो आवाज ऐकला आणि हातातली पळी घेऊन बाहेर आले, मग परत आत गेले. आमटी उतू गेली होती.

संध्याकाळपर्यंत खोली रिकामी केली. भिंतीवर चुलीच्या धुराचा काळा पट्टा आहे, तो घासला तरी जात नाही. राहू दिला. पायांखालचे लाकडी ठोकळे काढायला वाकले, तर ते अजून घट्ट आहेत. तेही राहू दिले.

२१ ऑक्टोबर, रात्री. आज सकाळी ड्रायव्हर आला. एरंडोलकडचा माणूस, वयाने माझ्याहून लहान, सभ्य. त्याने पेट्रोल भरलं, पाणी बघितलं आणि चावीसाठी हात पुढे केला.

मी म्हणाले, "तुम्ही डावीकडे बसा. जळगावपर्यंत मी आणते."

 मी परवाना काढून दाखवला. त्याने तो दोन्ही बाजूंनी पाहिला, वर्षाचा शिक्का पाहिला. "अक्का, हाऊ ते जड गाडीना शे," म्हणाला.

"गाडीही जडच आहे. चला, ऊन होईल."

विटा काल रात्रीच शेजाऱ्यांकडून काढून घेतल्या होत्या. घराला कुलूप लावून, किल्ली काकूंकडे दिली. संध्याकाळी चाळीसगावमार्गे रेल्वेने परत येईन, असं सांगितलं. कासोटा घट्ट केला आणि चढले. गावातून बाहेर पडेपर्यंत ड्रायव्हर सीट धरून बसला होता. फागण्यापाशी त्याने हात सोडला आणि विडी काढली. मी मनातल्या मनात म्हणत होते, साहेबांनी सांगितलं होतं तसं. मागे रिकामी खोली खडखडत होती. पूर्वी भांडी भोकांत असायची तेव्हा असा आवाज येत नसे.

पारोळ्याच्या पुढे डाव्या बाजूला कापसाने भरलेली बैलगाडी लागली, वर एक मुलगी झोपलेली. माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "डावीकडे बैलगाडी."

ड्रायव्हरने विडी बाजूला करून तिकडे पाहिलं. "दखी, अक्का," म्हणाला.

मी उजवीकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता. गाडी जराशी बाहेर काढली आणि पुढे घेतली.